कॅमेऱ्याला स्मारक, पडद्याला कुलूप

कोल्हापूर स्वतःला मराठी चित्रपटाचे माहेरघर म्हणवते आणि हा दावा कोणी खोडून काढू शकेल असे वाटत नाही. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी परदेशी कॅमेऱ्यावर विसंबून न राहता इथल्याच कारागिरीच्या बळावर स्वतःचा कॅमेरा बनवण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले आणि बाबूरावांनी ते काम तडीस नेले. तानीबाई कागलकर या गायिकेने भांडवलाला हातभार लावला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. याच कंपनीत तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर यांनी १९२९ मध्ये सीतारामपंत कुलकर्णी यांच्या साथीने प्रभात फिल्म कंपनी काढली. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली, तरी शालिनी सिनेटोन आणि भालजी पेंढारकरांचा जयप्रभा या स्टुडिओंमुळे गावात चित्रीकरण चालूच राहिले. एवढ्या इतिहासाचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे आणि तो आपण दाखवतोही. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचे स्मारक आहे, मोरेवाडीच्या माळावर सरकारी खर्चाने चित्रनगरी उभी आहे, आणि २०२२ मध्ये जयप्रभाच्या जागेच्या विक्रीची बातमी फुटली तेव्हा कलावंत, तंत्रज्ञ आणि सामान्य कोल्हापूरकर रस्त्यावर उतरले होते.

या सगळ्या अभिमानातून एक गोष्ट मात्र सातत्याने निसटते, ती म्हणजे चित्रपट पाहण्याची जागा. शहरातली एकपडदा चित्रपटगृहे एकेक करून बंद पडत होती, तेव्हा कोणी उपोषणाला बसले नाही आणि कोणी महापालिकेवर मोर्चा नेला नाही. वर्तमानपत्रात एखादा हळवा लेख आला, जुन्या फलकाचे छायाचित्र छापले गेले आणि विषय मिटला. चित्रपट बनवणे ही कला आणि दाखवणे हा धंदा, अशी वाटणी आपण मनातल्या मनात करून टाकली आहे. ती चुकीची आहे, आणि तिच्यामुळेच या शहराने आपल्या चित्रपटगृहांच्या बाबतीत कधी सार्वजनिक भूमिका घेतली नाही, असे माझे म्हणणे आहे.

मुळात इतिहासच या वाटणीच्या विरुद्ध साक्ष देतो. 'सैरंध्री' कोल्हापुरात तयार झाला, पण तो प्रथम प्रदर्शित झाला पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात, ७ फेब्रुवारी १९२० रोजी. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवले ते हाच चित्रपट पाहून. प्रभातचा 'अयोध्येचा राजा' कोल्हापुरातल्या स्टुडिओत घडला आणि १९३२ मध्ये मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लोकांपुढे आला. स्टुडिओतून बाहेर पडते ती डब्यात भरलेली फीत. तिचा चित्रपट होतो तो अंधारात बसलेल्या चारपाचशे माणसांसमोर. आर्यन आणि मॅजेस्टिक नसती, तर बाबूरावांचा कॅमेरा एका हुशार कारागिराची करामत म्हणूनच लोकांच्या लक्षात राहिला असता.

चित्रपटगृहांनी कोल्हापूरच्या नकाशावर किती जागा व्यापली होती, हे बाहेरच्या माणसाला इथले पत्ते विचारताना कळते. व्हीनस कॉर्नर, उमा टॉकीज चौक, पार्वती टॉकीज, बसंत-बहार रोड ही नावे रिक्षावाला आजही न अडखळता घेतो, आणि मागे बसलेल्या पंचविशीतल्या मुलाला त्यात काही विशेष वाटत नाही. उषा, पद्मा, शाहू, अयोध्या, रॉयल, प्रभात, व्यंकटेश ही नावे ज्यांच्या बालपणाचा भाग आहेत, त्या पिढीला मात्र प्रत्येक नावासोबत एखादा जिना, एखादा वास, एखादा डोअरकीपर आठवतो. मंगळवार पेठेतून निघालेले पोर यातल्या बहुतेक ठिकाणी पायी जाऊन पायी परत येऊ शकत होते. ही साधी वाटणारी गोष्ट पुढच्या सगळ्या चर्चेत महत्त्वाची आहे.

बुकिंगची खिडकी नव्या पिढीला समजावून सांगणे अवघड आहे. जाड भिंतीत एक भोक, त्याला लोखंडी जाळी, जाळीच्या खाली एक हात जेमतेम शिरेल एवढी फट. आणि त्या फटीत एकाच वेळी तीन-चार हात घुसलेले. मुठीत घामाने ओली झालेली चिल्लर असे. आतल्या माणसाचा चेहरा दिसत नसे. त्याने मूठ उघडून चिल्लर काढून घ्यायची आणि तिच्या जागी पातळ गुलाबी किंवा पिवळ्या कागदाची तिकिटे कोंबायची, मग मनगट खरचटत हात बाहेर ओढायचा. तिकिटावर निळ्या पेन्सिलीने खुर्चीचा आकडा लिहिलेला असे आणि तो बहुतेक वेळा वाचता येत नसे. बायकांची खिडकी वेगळी असे आणि तिथली रांग छोटी असे, त्यामुळे घरातल्या, शेजारच्या, प्रसंगी अनोळखी बाईलाही "मावशी, आमची पण दोन काढा की" अशी गळ घातली जाई. राधानगरीकडून अंबाबाईच्या दर्शनाला आलेली माझी आत्या देवळातून निघाली की दुपारी बाराच्या खेळाला जायची आणि संध्याकाळच्या एसटीने गावी परतायची. तिच्या लेखी दर्शन आणि सिनेमा मिळून एकच फेरी होती. "जा रं, खिडकी उघडली बघ," असे म्हणून ती मला पुढे पिटाळायची आणि स्वतः पिशवीतली चुरमुऱ्यांची पुडी सांभाळत भिंतीच्या सावलीत उभी राहायची.

आठवणींचा हा पदर सोडवत बसले तर लेख संपणार नाही, शिवाय त्यात एक धोका आहे. चित्रपटगृहांवरच्या बहुतेक लेखनात ती जागा म्हणजे जणू समतेचे मंदिर होते, असा सूर लागतो. तसे ते नव्हते. बाल्कनीचा जिना वेगळा होता आणि खालच्या वर्गाचे दार वेगळे, बहुधा बोळातले. पुढच्या बाकांवर बसणाऱ्याला मान मागे टाकून पडदा पाहावा लागे आणि मध्यंतरात बाल्कनीतल्यांशी त्याची गाठ पडणार नाही, अशीच इमारतीची रचना असे. ढेकूण होते, मुतारीचा वास तिसऱ्या रांगेपर्यंत येत असे, पंखे होते पण सगळे फिरत नसत. दारावर काळ्या बाजाराची तिकिटे उघड विकली जात आणि त्यात कोणाकोणाचा वाटा आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक असे. रात्रीच्या नऊच्या खेळाला एकटी बाई जाणे अशक्यच होते. दुपारच्या खेळालाही कोपराने ढोसणारे हात चुकवत ती आत जायची. ज्यांना हे सोसावे लागले, त्यांनी मॉलमधल्या स्वच्छ, थंड, सुरक्षित पडद्याची निवड केली तर त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आठवणी काढणाऱ्यांना नाही.

तरीही त्या जागेत एक गोष्ट होती, जी नंतर आलेल्या कोणत्याही सोयीने भरून काढलेली नाही. हमालापासून वकिलापर्यंत प्रत्येकाला परवडेल असा एक तरी दर तिथे होता, आणि त्या सगळ्या दरांचा खेळ एकच होता. जिने वेगळे असले तरी विनोदावर हशा एकदमच पिकायचा. खालून आलेली शिट्टी वर ऐकू जायची आणि वरच्यांना ती आवडो न आवडो, खेळाचा भाग म्हणून सोसावी लागायची. पौराणिक चित्रपटात देव प्रकटला की पडद्याच्या दिशेने नाणी उडायची आणि खेळ संपल्यावर पोरे ती अंधारात चाचपडत शोधायची. आज त्याच शहरात ज्याच्या खिशात तिकिटाचे दीडदोनशे, वर जाण्यायेण्याचे आणि मध्यंतरातल्या खाण्याचे तेवढेच पैसे आहेत तो मॉलमध्ये जातो, आणि ज्याच्याकडे नाहीत तो मोबाइलच्या चार बोटांच्या पडद्यावर तोच चित्रपट तुकड्यातुकड्यांत पाहतो. पूर्वी दरवाजे वेगळे होते, आता इमारतीच वेगळ्या झाल्या आहेत आणि एका वर्गाला तर इमारतच उरलेली नाही.

दुसरी गोष्ट जुन्या चित्रपटांची. मोठ्या शहरात नवा चित्रपट लागायचा, त्याच्या मोजक्याच प्रती निघायच्या आणि त्या झिजत झिजत मोठ्या गावातून छोट्या गावात, पहिल्या दर्जाच्या टॉकीजमधून दुसऱ्या दर्जाच्या टॉकीजमध्ये उतरायच्या. पत्र्याच्या पेट्या एसटीच्या टपावरून यायच्या. मॅटिनीला तर वीस-वीस वर्षांपूर्वीचे चित्रपट लागायचे. फिल्म अर्काइव्ह हा शब्द ऐकण्याच्या कितीतरी आधी आमच्या पिढीने भालजींचे ऐतिहासिक चित्रपट, जुने तमाशापट आणि आपल्या जन्माआधीचे हिंदी चित्रपट याच मॅटिनीच्या खेळात पाहिले. प्रत तुटकी असायची, मधली दोन गाणी गायब असायची, ऑपरेटर रीळ जोडेपर्यंत काळोखात आरडाओरडा व्हायचा. पण बाराचौदा वर्षांच्या मुलाला आपल्याच गावात घडलेला जुना चित्रपट मोठ्या पडद्यावर दिसायचा. ही सोय कोणी मुद्दाम केलेली नव्हती. जुनी प्रत स्वस्त मिळते आणि सकाळ-दुपारची खुर्ची रिकामी राहण्यापेक्षा बरी, एवढाच त्यामागचा हिशोब होता. तो हिशोब मोडला तेव्हा त्याच्यासोबत एक सार्वजनिक शिक्षणही बंद पडले, आणि त्याची दखल कोणत्याही शिक्षण खात्याने घेतली नाही.

यावरचे नेहमीचे उत्तर असे असते की, काळाच्या ओघात हे होणारच होते. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. दूरदर्शन रंगीत झाले, व्हिडिओ आला, नव्वदीच्या सुरुवातीला केबल घरोघर पोहोचली, आणि या प्रत्येक वळणावर काही प्रेक्षक कायमचा घरी बसला, हे खरे आहे. डिजिटल प्रक्षेपण आल्यावर नवा चित्रपट एकाच शुक्रवारी सगळीकडे लागू लागला. तालुक्याच्या गावालाही पहिल्या दिवशी पहिला खेळ मिळाला, याचा आनंद झाला. परंतु चित्रपटाचे आयुष्य त्यामुळे दोन आठवड्यांवर आले आणि उशिरा आलेल्या प्रतीवर जगणाऱ्या टॉकीजला काही कामच उरले नाही. हे सगळे तंत्रज्ञानाच्या खात्यावर मांडता येईल.

उरलेला अर्धा भाग सरकारी कागदांवर सापडतो. जीएसटी येण्यापूर्वी महाराष्ट्रात चित्रपटाच्या तिकिटावर करमणूक शुल्क होते आणि महापालिका क्षेत्रात ते ४५ टक्क्यांपर्यंत जात असे. २००१ मध्ये राज्याने मल्टिप्लेक्ससाठी धोरण आणले आणि नव्याने उभ्या राहणाऱ्या मल्टिप्लेक्सला पहिली तीन वर्षे या शुल्कातून पूर्ण आणि पुढची दोन वर्षे बरीचशी सूट दिली. म्हणजे पेठेतल्या जुन्या टॉकीजने कमी दराच्या तिकिटावरही शुल्क भरायचे आणि चार पडद्यांच्या नव्या इमारतीने चढ्या दराच्या तिकिटावर ते भरायचे नाही, अशी स्पर्धा काही वर्षे सरकारने स्वतः लावून दिली. नव्या गुंतवणुकीला उत्तेजन द्यावे याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. पण त्याच वेळी जुन्या मालकाला छप्पर बदलायला, खुर्च्या आणि ध्वनियंत्रणा सुधारायला, स्वच्छतागृह बांधायला तशीच सवलत का मिळाली नाही, हा प्रश्न तेव्हा विचारायला हवा होता. मराठी चित्रपटांना करमाफी होती, त्याचा फायदा निर्माता आणि प्रेक्षक यांना झाला. पण टॉकीजचे गणित बहुधा आठवड्याच्या ठरलेल्या भाड्यावर चालत असे, आणि मराठी निर्मात्याला ते भाडे जड जाई. त्यामुळे करमाफी असूनही मराठी चित्रपट टॉकीजवर टिकत नसे आणि मालकही त्याला आनंदाने जागा देत नसे. २०१५ मध्ये मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपट मोक्याच्या वेळी दाखवण्याची सक्ती झाली तेव्हा मोठा गाजावाजा झाला. ज्या पडद्यांवर मराठी चित्रपट सक्तीविना, थोडे दिवस का होईना, लागत होता, ते पडदे वाचवण्यासाठी मात्र त्याच्या दशांश आवाजही उठला नव्हता.

मग जागेचा प्रश्न येतो, आणि खरे सांगायचे तर निम्म्या टॉकीजचा निकाल तिथेच लागला. शहराच्या भर वस्तीत, बाजाराला लागून, सातआठशे खुर्च्या मावतील एवढा भूखंड. सोमवार ते गुरुवार खेळाला चाळीस माणसे. आणि त्या चाळीस माणसांसाठीही ऑपरेटर, डोअरकीपर, बुकिंगवाला, झाडूवाला आणि विजेचे बिल यांचा खर्च तोच. मालकाने ती जागा विकसकाला द्यायची ठरवली तर त्याला दोष देता येत नाही. चित्रपटगृह पाडून दुसरे काही बांधायचे असेल तर नव्या इमारतीत ठरावीक आसनांचे चित्रपटगृह ठेवावे लागेल, अशी अट आपल्याकडे घातली गेली; हेतू स्तुत्य होता. मालकांची संघटना ही अट रद्द करा म्हणून वर्षानुवर्षे मागणी करत आहे. परिणाम असा होतो की मालक टॉकीज चालवत नाही, कारण परवडत नाही, आणि पाडतही नाही, कारण अट आडवी येते. कुलूप लावून बसतो. पत्रा गंजतो, पिंपळ उगवतो, पोस्टरच्या चौकटीत राजकीय वाढदिवसाचे फलक लागतात. बंद इमारतीने कोणाचेच भले होत नाही, मालकाचेही नाही आणि प्रेक्षकाचे तर नाहीच. अट घालून सरकार मोकळे झाले. ती पाळणाऱ्याला काय मिळणार हे ठरवायचे राहून गेले.

या ठिकाणी केशवराव भोसले नाट्यगृहाशी तुलना करण्याचा मोह आवरत नाही, आणि तो आवरूही नये. शाहू महाराजांनी बांधलेले ते मूळचे पॅलेस थिएटर ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आगीत भस्मसात झाले. खासबाग मैदानाकडे त्या रात्री लोक धावत गेले, मोठमोठे कलावंत धाय मोकलून रडले, दुसऱ्या दिवशी पुढारी आले, निधीच्या घोषणा झाल्या आणि ते जसेच्या तसे उभारायचे यावर कोणाचेही दुमत झाले नाही. हे योग्यच झाले. पण त्या एकमतामागचे कारण पाहण्यासारखे आहे. नाट्यगृह तोट्यात चालते की नफ्यात, असा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही, कारण एका राजाने ते सार्वजनिक सोय म्हणून बांधले होते आणि नंतर ते नगरपालिकेकडे, पुढे महापालिकेकडे आले. नाटकासाठी शहराने इमारत सांभाळावी हे आपल्याला स्वाभाविक वाटते. चित्रपटासाठी तसेच करावे असे म्हटले तर भुवया उंचावतात. त्या नाट्यगृहात वर्षभरात नाटक पाहणाऱ्यांपेक्षा शहरातल्या टॉकीजमधून चित्रपट पाहणारे कितीतरी पटींनी जास्त होते, आणि त्यातले बहुतेक नाटकाचे तिकीट कधीच काढू न शकणारे होते, ही गोष्ट या भुवया उंचावणाऱ्यांनी लक्षात घ्यावी.

कोणी म्हणेल, लोकांनाच आता टॉकीज नको आहे. २०१६ मध्ये 'सैराट' आला तेव्हा हे म्हणणाऱ्यांची बोलती काही आठवडे बंद झाली होती. टेंपो, ट्रॅक्टर, वडापच्या जीपगाड्या भरून खेड्यातून माणसे आली. शेजारच्या सातारा जिल्ह्यात रहिमतपुरासारख्या गावी लोकाग्रहास्तव मध्यरात्री आणि पहाटे तीनला खेळ लावावे लागले. एका चित्रपटावरून व्यवसायाचे गणित मांडता येत नाही, हे मान्य आहे. पण आपली गोष्ट, परवडणारा दर आणि पोहोचता येईल अशी जागा या तिन्ही गोष्टी जुळल्या तर माणूस घराबाहेर पडतो, एवढे त्यातून निश्चित सिद्ध होते. पहिली गोष्ट दिग्दर्शकाच्या हाती आहे. दुसरी आणि तिसरी सार्वजनिक धोरणाच्या कक्षेतल्या आहेत.

केरळने हे करून दाखवले आहे. तिथले राज्य चित्रपट विकास महामंडळ स्वतःची चित्रपटगृहे चालवते. तिरुवनंतपुरमला तंपानूरमध्ये, बसस्थानक आणि रेल्वेस्थानकाच्या पुढ्यात, कैरली, निळा आणि श्री ही तीन पडद्यांची सरकारी इमारत आहे. गाडीतून उतरलेला प्रवासी, कॉलेजचा विद्यार्थी, संध्याकाळी काम सुटलेला कामगार तिथे जातो, नवा मल्याळम चित्रपट तिथे लागतो आणि डिसेंबरात आंतरराष्ट्रीय महोत्सवाचे खेळही तिथेच होतात. आपल्या राज्याकडे चित्रनगरी चालवण्याचा अनुभव आहे, मराठी चित्रपटाला अनुदान देण्याची योजना आहे. त्या अनुदानावर तयार झालेला चित्रपट दाखवायला मात्र केरळसारखी सरकारी चित्रपटगृहांची व्यवस्था नाही. निर्मात्याला पैसे द्यायचे आणि मग त्याने मॉलच्या दारात खेळ मागत उभे राहायचे, ही रचना कोणत्याही हिशोबनिसाला पटणार नाही.

कोल्हापुरापुरते बोलायचे तर मागणी फार मोठी नाही. बंद पडलेल्या टॉकीजपैकी एखाद-दुसऱ्या जागेच्या मालकाशी महापालिकेने बसून बोलावे. त्याला वाढीव बांधकामाचा हक्क द्यावा, घरपट्टीत सवलत द्यावी, आणि बदल्यात नव्या इमारतीत दीडदोनशे खुर्च्यांचे एक प्रेक्षागृह महापालिकेच्या ताब्यात घ्यावे. ते चालवायला ठेकेदार नेमावा, पण दर करारातच बांधून घ्यावा. तो दर शंभर रुपयांच्या आत राहिला तर करही कमी लागतो, कारण सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे आणि त्यापुढच्या तिकिटावर तो १८ टक्केच आहे. बाबूराव पेंटर यांच्या नावाची फिल्म सोसायटी इथे वर्षानुवर्षे शाहू स्मारक भवनात चित्रपट दाखवते, महोत्सव भरवते. सभांसाठी बांधलेल्या सभागृहात ती हे काम करते आणि तरीही प्रेक्षक मिळवते. तिला आठवड्यातले दोन खेळ द्यावेत. सकाळी शाळांसाठी खेळ लावावा. मॅटिनीला जुने चित्रपट लावावेत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन झालेल्या जुन्या मराठी चित्रपटांच्या सुधारित प्रती आता तयार होऊ लागल्या आहेत, त्या पाहायला कोल्हापूरच्या मुलाने पुण्याला जावे असे थोडेच आहे?

या प्रेक्षागृहाला तोटा होईल का? बहुधा होईल. तो किती असावा याची मर्यादा ठरवता येते आणि दरवर्षी अंदाजपत्रकात दाखवता येते, जशी बागेची, जलतरण तलावाची आणि वाचनालयाची तूट आपण दाखवतो. बाग नफ्यात का नाही, असे कोणी विचारत नाही. मालकांचा आक्षेप असा असेल की सरकारी पडदा स्वस्त झाला तर चालू असलेल्या खाजगी टॉकीजचे गिऱ्हाईक तुटेल. हा आक्षेप गंभीर आहे आणि म्हणूनच अशी जागा चालू टॉकीजच्या शेजारी नसावी, तसेच जे मालक अजूनही नेटाने एकपडदा चालवत आहेत त्यांना दुरुस्तीसाठी कमी व्याजाचे कर्ज आधी मिळावे, नवे प्रेक्षागृह नंतर. क्रम उलटा झाला तर २००१ चीच पुनरावृत्ती होईल.

एका गोष्टीला मात्र माझा स्पष्ट विरोध राहील. या विषयावर चर्चा सुरू झाली की कोणीतरी लगेच 'चित्रपटगृहांच्या आठवणींचे संग्रहालय' सुचवतो: काचेच्या कपाटात प्रोजेक्टर, भिंतीवर पोस्टर, कोपऱ्यात बुकिंगच्या खिडकीची प्रतिकृती आणि उद्घाटनाची कोनशिला. कॅमेऱ्याचे स्मारक बांधून आपण कॅमेऱ्याचे काम इथे किती राखले, हे पाहिले तर पडद्याच्या स्मारकाने काय होईल याचा अंदाज येतो. बोर्ड रंगवणाऱ्या कलावंतांचे उदाहरण घ्या. बाबूराव स्वतः चित्रपटाची पोस्टरे रंगवत, पुढे जी. कांबळे यांच्यासारख्या कोल्हापुरी चित्रकाराने चित्रपटाच्या फलकाला कलेचा दर्जा मिळवून दिला, आणि शिवछत्रपतींचे शासनमान्य चित्रही त्यांच्याच कुंचल्यातले. टॉकीजच्या दर्शनी भिंतीवर वीसवीस फुटी चेहरे रंगवणारे त्यांच्यामागचे किती हात होते! डिजिटल फ्लेक्स आले आणि ते हात दुकानांच्या पाट्या रंगवू लागले, मग तेही थांबले. त्यांना संग्रहालयाची गरज नव्हती. दर शुक्रवारी बदलणाऱ्या बोर्डाचे काम त्यांना हवे होते. नव्या प्रेक्षागृहाच्या करारात महिन्यातून एक बोर्ड हाताने रंगवला जाईल, एवढी एक ओळ घातली तरी कला निकेतनमधून बाहेर पडणाऱ्या दोन पोरांना त्यातून काम मिळेल.

ज्यांनी कार्बनच्या कांड्या जुळवून पडद्यावर उजेड पाडला, रीळ संपण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यात चमकून जाणारी खूण पाहून दुसरे यंत्र नेमक्या क्षणी सुरू केले, ते ऑपरेटर आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्यापैकी काही जण पेठांमधून अजून भेटतात, संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसलेले असतात. कोणत्या टॉकीजची मशीन कुठली होती, कोणत्या सणाला खेळ वाढवावे लागत, पूर आला की रिळांच्या पेट्या कुठे हलवत, एकच प्रत दोन टॉकीजमध्ये सायकलवरून कशी फिरवत, हे सगळे त्यांच्या तोंडी आहे आणि कुठेही लिहिलेले नाही. शिवाजी विद्यापीठात पत्रकारितेचे विद्यार्थी दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. प्रेक्षागृहाचा प्रस्ताव महासभेपुढे जाऊन, फेटाळला जाऊन, पुन्हा मांडला जाऊन मंजूर होईपर्यंत काही वर्षे सहज जातील. या नोंदी घ्यायला मात्र कोणत्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही, त्या येत्या सत्रात सुरू करता येतील.